खिशात पैसे नसताना कोल्हापूर कसं बघायचं?

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञानाच्या बाई आता सहलींवर बोलायला लागल्या. तसं समजलात तरी हरकत नाही. पण हा विषय मला एका मुलीनं दिला, ते आधी सांगते.

मागच्या व्याख्यानानंतर ती मुलगी मला रिक्षापर्यंत सोडायला आली. बी. कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, भुदरगड तालुक्यातली. वसतिगृहात राहते, संध्याकाळी एका दुकानात काम करते. मी सहज विचारलं, "रंकाळ्यावर जातेस का गं कधी?" तर म्हणाली, "नाही मॅडम. तिथं गेलं की खर्च होतो. तीन वर्षं झाली, मी कॉलेज, दुकान आणि खोली एवढंच कोल्हापूर बघितलंय."

रिक्षात बसल्यावर मला माझंच १९६८ साल आठवलं. राधानगरीकडच्या गावातून मी शिकायला आले. जेवणाचा डबा गावाहून एसटीनं यायचा, तो स्टँडवर जाऊन घ्यायचा. वरखर्चाला महिन्याला पाच रुपये. त्या पाच रुपयांत वह्या, साबण, टपाल सगळं. मीसुद्धा पहिलं वर्ष खोलीतच काढलं. का? खर्च होईल म्हणून. पुढे कळलं की ते खरं कारण नव्हतं. खरं कारण काय होतं, त्याकडे मी थोड्या वेळानं येते.

आधी एक शब्द तपासून घेऊ. आमच्या धंद्यात शब्द तपासल्याशिवाय पुढे जायचं नसतं. आपण म्हणतो 'फुकट'. या शब्दात थोडी हेटाळणी आहे. 'फुकट्या' ही तर शिवीच आहे. 'मोफत' म्हटलं की कुणीतरी देतोय आणि आपण घेतोय, असं वाटतं. तिसरा शब्द आहे 'सार्वजनिक'. सार्वजनिक बाग, सार्वजनिक घाट, सार्वजनिक वाचनालय. इथे कुणी देणारा नाही आणि कुणी घेणारा नाही. तिथे तुम्ही पाहुणे नसता. तुमच्या वाट्याचं असतं म्हणून तुम्ही जाता. मला आज एवढंच सांगायचं आहे, की पैसे नसलेल्या माणसानं शहरात फिरणं म्हणजे फुकटेपणा नव्हे, तो आपल्या वाट्याचा वापर आहे. आणि वापरला नाही तर हा वाटा हळूहळू हातातून जातो.

आता रंकाळ्यावर जाऊ. संध्याकाळी काठावर उभं राहिलं की पाण्यापलीकडे शालिनी पॅलेस दिसतो. १९३१ ते ३४ च्या दरम्यान बांधलेला राजवाडा. पुढे काही वर्षं तिथे हॉटेल होतं. त्या हॉटेलात राहायची ऐपत माझी कधीच नव्हती. पण गंमत बघा, तो वाडा सगळ्यांत सुंदर दिसतो तो या बाजूनं, पाण्यात सावली पडलेली असताना. आतल्या खोलीत झोपलेल्या माणसाला ते दृश्य दिसत नाही. ते काठावरच्या माणसाला दिसतं, आणि काठाला तिकीट नाही.

इमॅन्युएल कांट नावाचा जर्मन तत्त्वज्ञ होऊन गेला. त्यानं १७९० साली सौंदर्याच्या निवाड्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं नेमकं राजवाड्याचंच उदाहरण घेतलंय. समजा कुणी विचारलं, हा राजवाडा सुंदर आहे का? तर लोक वेगवेगळी उत्तरं देतात. एक म्हणेल, असल्या नुसत्या बघायच्या वस्तू मला आवडत नाहीत. दुसरा म्हणेल, गरिबांच्या घामावर ही उधळपट्टी झाली. आणि कांट एका इरोक्वा सरदाराची गोष्ट सांगतो. इरोक्वा म्हणजे उत्तर अमेरिकेतले मूळचे लोक. तो सरदार पॅरिसला गेला आणि एवढ्या मोठ्या शहरात त्याला खानावळींइतकं दुसरं काहीच आवडलं नाही.

(हशा)

हसू नका. आपल्याकडे बाहेरून येणारा पाहुणा काय विचारतो? तांबडा-पांढरा कुठे चांगला मिळतो? मिसळ कुठली? चप्पल कुठून घ्यायची? म्हणजे कोल्हापूर म्हणजे विकत घ्यायच्या वस्तूंची यादी. मग ज्याला विकत घेता येत नाही त्याला वाटतं, आपल्यासाठी कोल्हापूर नाही. त्या मुलीचं तेच झालं होतं. तिच्या हिशेबात रंकाळा म्हणजे भेळ. भेळेला पैसे नाहीत, म्हणून रंकाळा नाही.

कांटचं म्हणणं असं, की सौंदर्याचा आनंद हा मालकीवर अवलंबून नसतो. ही वस्तू माझी आहे का, मला तिचा काय उपयोग, हे प्रश्न बाजूला ठेवून नुसतं बघण्यात जो आनंद होतो, तो सौंदर्याचा आनंद. मी हे तीस-पस्तीस वर्षं वर्गात शिकवलं. आज वाटतं, पहिला तास रंकाळ्यावर घ्यायला हवा होता.

पण एका बाबतीत माझं कांटशी जमत नाही. राजवाड्यासाठी कुणाचा घाम गळला, हा प्रश्न तो म्हणतो खरा असेल, पण आत्ता तो नको. माझं म्हणणं, तो प्रश्न हवाच. कारण आपण ज्याला फुकट म्हणतो, त्याचे पैसे कुणीतरी भरलेले आहेत. खासबाग मैदान घ्या. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, तिथे रोमचं जुनं प्रेक्षागार बघितलं, आणि तसं काहीतरी कुस्तीसाठी कोल्हापुरात हवं असं त्यांनी मनावर घेतलं. १९१२ साली मैदान तयार झालं. मधला आखाडा आणि भोवती चढत जाणारी बसायची जागा, त्यामुळे कुठेही बसा, कुस्ती दिसते. शेजारीच १९१५ साली पॅलेस थिएटर उभं राहिलं, आज आपण त्याला केशवराव भोसले नाट्यगृह म्हणतो. हा पैसा आला कुठून? संस्थानाच्या तिजोरीतून. आणि तिजोरीत आला शेतसाऱ्यातून. म्हणजे माझ्या पणजोबांनी, तुमच्या पणजोबांनी तो भरलाय. भुदरगडच्या त्या मुलीच्या पणजोबांनीसुद्धा. तिचं तिकीट शंभर वर्षांपूर्वीच काढलेलं आहे.

आता ते खरं कारण. मी पहिलं वर्ष खोलीत का काढलं? एका चित्रप्रदर्शनाला गेले होते. प्रवेश सगळ्यांना खुला, तसा फलकच होता. मी दारापर्यंत गेले आणि परत आले. माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, पिन लावलेली होती. कुणी मला अडवलं नाही. कुणी काही बोललं नाही. मीच मला अडवलं.

पुढे एम. ए.ला असताना ॲडम स्मिथ वाचला. अर्थशास्त्राचा जनक वगैरे आपण म्हणतो, पण तो मुळात नीतिशास्त्राचा प्राध्यापक. त्याच्या १७७६ च्या ग्रंथात एक जागा आहे. तो म्हणतो, तागाच्या धाग्याचा सदरा ही काही जगण्याची गरज नाही. ग्रीक आणि रोमन लोक त्याच्याशिवाय सुखात राहिले. पण आजच्या काळात साध्या मजुरालाही तसा सदरा नसेल, तर चार माणसांत जायची लाज वाटते. म्हणून तो सदरा ही गरजच समजायला हवी. वाचताना माझ्या डोळ्यांसमोर माझी पिन लावलेली चप्पल आली. गरिबी म्हणजे नुसती खिशातली कमतरता नाही. चार माणसांत जायची लाज, ही गरिबीची दुसरी बाजू. तिकीट काढून टाकलं की पहिली बाजू हलकी होते, दुसरी तशीच राहते.

माझी ती लाज कुठे गेली असेल तर वाचनालयात. आपल्या करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची. १८५७ च्या उठावाच्याही आधीची. आणि कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तो भारतातला अशा प्रकारचा पहिला कायदा मानला जातो. वाचनालयातून पुस्तक घरी न्यायचं तर वर्गणी लागते. पण तिथेच बसून वर्तमानपत्रं, मासिकं वाचायला मुक्तद्वार विभाग असतो. काय सुंदर शब्द आहे, मुक्तद्वार! तिथल्या बाकावर एका बाजूला हमाल बसलेला असायचा, दुसऱ्या बाजूला निवृत्त मामलेदार. दोघांच्या मध्ये एकच वर्तमानपत्र, पानं वाटून घेतलेली. माझ्या चपलेकडे बघायला तिथे कुणाला वेळच नव्हता. महिनाभर गेले आणि एक दिवस लक्षात आलं, की मी आता चप्पल लपवत नाही.

म्हणून नव्या मुलांना मी सांगते, सुरुवात वाचनालयापासून करा. शहरात बसायची एक हक्काची जागा झाली, की पुढचं शहर आपोआप उघडतं.

पण 'सार्वजनिक' या शब्दावर आपण फार लवकर खूश व्हायला नको. हा शब्द आधीपासूनच सगळ्यांचा नव्हता. पाणवठा सार्वजनिक, पण अस्पृश्य मानलेल्यांना मनाई. धर्मशाळा सार्वजनिक, पण तिथेही तेच. १९१९ साली शाहू महाराजांना हुकूम काढावे लागले, की विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, शाळा इथे असा भेदभाव चालणार नाही. आणि हुकमानं भागत नाही हेही त्यांना माहीत होतं. म्हणून गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं, तेव्हा महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्यायले, बरोबरच्या मंडळींनाही पाजला. दार उघडं आहे असं लिहिणं वेगळं, आणि त्या दारातून आत जाताना सोबत कुणी असणं वेगळं.

बायकांचंही तेच. माझ्या तरुणपणी कुस्तीच्या मैदानाकडे आम्ही मुली फिरकत नव्हतो. आज आपल्या जिल्ह्यातल्या मुली स्वतः कुस्ती खेळतात, तेव्हा मला फार बरं वाटतं. पण एक साधी गोष्ट अजून सुटलेली नाही. दिवसभर बाहेर फिरायचं तर बाईला स्वच्छतागृह लागतं. माझ्या कितीतरी मैत्रिणी बाहेर जायचं म्हणून सकाळपासून पाणीच पीत नसत. बाग मोफत आहे, पण स्वच्छतागृह नाही किंवा कुलूप आहे, तर ती बाग अर्ध्या लोकांना मोफत नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, व्याख्या म्हणून सांगते. सार्वजनिक जागेची व्याख्या करताना हे कलम त्यात हवं.

आता मी तुम्हाला कोल्हापुरातल्या सगळ्यांत मोठ्या फुकट गोष्टीकडे नेते. सूर्यप्रकाश.

अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव तुम्हाला माहीत आहे. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारी संपून फेब्रुवारी लागताना, मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यात जातात. परंपरेनं पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग वर, आणि शेवटी मुखापर्यंत. दोनदाच का? याचं उत्तर सोपं आहे. २१-२२ डिसेंबरला सूर्य सगळ्यांत दक्षिणेला असतो. त्याच्या साधारण सहा आठवडे आधी आणि सहा आठवडे नंतर तो आकाशात त्याच जागी मावळतो, एकदा जाताना आणि एकदा येताना. देवी पश्चिमाभिमुख आहे. त्यामुळे त्या एका विशिष्ट जागी मावळणारा सूर्य नेमका गाभाऱ्याच्या रेषेत येतो. आणि किरण चरणांकडून वर का चढतात? सूर्य जसा खाली जातो तसा किरण आडवा होतो आणि आत, वर सरकतो.

आता यातली मेख बघा. मुखापर्यंत किरण पोचायचा तर सूर्य क्षितिजाला अगदी टेकता हवा. म्हणजे पश्चिमेकडची त्या रेषेतली एखादी उंच भिंत, छपरावरची पाण्याची टाकी, जाहिरातीचा फलक, काहीही आडवं आलं तर किरण मध्येच तुटतो. गेली कित्येक वर्षं आपण बातम्या वाचतो, की किरणोत्सवात अडथळे आले, ते काढायला हवेत. कधी ढग येतात, त्याला इलाज नाही. पण बांधकामाला इलाज आहे.

इथे मला डायोजिनीज आठवतो. ग्रीसमधला फाटका तत्त्वज्ञ. सिकंदर त्याला भेटायला आला आणि म्हणाला, काय हवं ते माग. हा ऊन खात बसलेला. म्हणाला, जरा बाजूला हो, माझं ऊन अडवू नकोस. आपण ही गोष्ट बेफिकिरीची म्हणून सांगतो. मला ती शहराच्या नियमासारखी वाटते. जगज्जेता झालास तरी दुसऱ्याच्या वाट्याचं ऊन अडवायचा हक्क तुला मिळत नाही. किरणोत्सव आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या कुण्या स्थपतीच्या बुद्धीवर जसा उभा आहे, तसाच मधल्या सगळ्या पिढ्यांनी आपला मजला आवरला, यावरही उभा आहे. तुम्ही देव माना किंवा मानू नका. एवढ्या लोकांनी इतकी वर्षं एका रेषेत काही आडवं येऊ दिलं नाही, हीच मोठी गोष्ट आहे. फुकट गोष्टी अशा राखाव्या लागतात.

आणि राखल्या नाहीत तर काय होतं, हेही आपण बघितलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. लोक रस्त्यावर उभे राहून रडले. त्यातल्या किती जणांच्या नावावर तिथली एक वीट होती? एकाच्याही नाही. मग ते कशासाठी रडले? सातबाऱ्यावर नाव नसलेली पण आपली असलेली गोष्ट जळत होती, म्हणून.

बरं, आता उपदेश पुरे. त्या मुलीला मी एक रविवार आखून दिला, तो तुम्हालाही सांगते. डबा आणि पाण्याची बाटली बरोबर घ्या.

सकाळी लवकर पंचगंगा घाटावर. उन्हं येण्याआधी. मंदिरं, दीपमाळा, पाण्यावरचं धुकं. त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे गेलात तर घाटभर पणत्या. तिथून जवळच ब्रह्मपुरीची टेकडी. आज तिथे घरंच आहेत, पण १९४५-४६ साली इथे उत्खनन झालं आणि दोन हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली. या टेकडीवर मिळालेल्या वस्तूंत पोसायडनची छोटी काशाची मूर्ती आहे. पोसायडन म्हणजे ग्रीक-रोमन लोकांचा समुद्रदेव. आपल्या कोल्हापुरात समुद्र कुठला? पण व्यापार होता, कोकणातली बंदरं होती, घाट उतरून-चढून माल येत-जात होता. ती मूर्ती आता टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे, तिकडे चालत जा. संग्रहालयाला तिकीट आहे, पण नाममात्र. दिवसातला तो एक खर्च करा. सोमवारी बंद असतं. आणि ती मूर्ती वीतभरसुद्धा नाही, म्हणून घाईत निसटते. ती शोधून, पाच मिनिटं समोर उभं राहून बघा. बाहेर टाऊन हॉलची बाग आहे, जुनी झाडं आहेत, तिथे डबा खा.

दुपारी भाऊसिंगजी रोडनं भवानी मंडप, अंबाबाई. दर्शनाला पैसे लागत नाहीत. दर्शन नको असेल तर मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं बघत एक फेरी मारा. त्यालाच एक तास लागतो. मग बिंदू चौक. तिथे महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे पुतळे आहेत, १९५० साली भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं बसवलेले. म्हणजे बाबासाहेब हयात असताना. मग खासबाग. मैदान उघडं असेल तर पायरीवर बसा आणि मघाशी सांगितलेलं तपासून बघा, कुठूनही आखाडा दिसतो की नाही.

आणि संध्याकाळी रंकाळा. भेळ घेतलीच पाहिजे असं नाही. सूर्य मावळेपर्यंत बसा.

हे झालं शहरातलं. पुढच्या रविवारी पन्हाळा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. मी पंचाहत्तरी ओलांडली, मला तर काहीच तिकीट नाही. एसटीची ही सवलत केएमटीत मात्र चालत नाही, ती वेगळी सेवा. कंडक्टरशी वाद घालू नका, मी घालून बघितलाय.

(हशा)

एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे. "सगळ्यांनी असं फुकटात फिरायचं ठरवलं तर भेळवाल्यांनी, रिक्षावाल्यांनी काय करायचं?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की ज्याच्याकडे आहेत त्यानं जरूर खर्च करावेत. मी आता रंकाळ्यावर गेले की भेळ घेते, दोन पुड्या घेते. पण भेळवाल्याचा धंदा कशावर चालतो? काठावर माणसं येतात यावर. आज नुसती बसायला येणारी मुलगी नोकरी लागल्यावर भेळ घेणारच. आणि तिला काठाचीच सवय नसेल, तर ती पगार झाल्यावर थेट मॉलमध्ये जाईल. शिवाय रात्री आठ वाजता काठावर माणसं बसलेली असतात, म्हणून तिथे एकट्या बाईला बसता येतं. नुसतं बसून राहणारा माणूसही त्या जागेला काहीतरी देतच असतो.

शेवटी त्या मुलीचं सांगते आणि थांबते. रविवार आखून दिला, तरी ती गेली नाही. मी फोन केला तर म्हणाली, "मॅडम, एकटीनं कसं जायचं?" तेव्हा मला पिन लावलेली चप्पल पुन्हा आठवली. यादी देऊन भागत नाही, हे मी इतकं बोलून स्वतःच विसरले होते. मग गेल्या रविवारी आम्ही दोघी गेलो. गुडघ्यांमुळे मी निम्म्याच ठिकाणी पोचले. पोसायडन मात्र तिनं माझ्या आधी शोधून काढला. म्हणाली, "एवढुसा आहे, आणि किती लांबून आलाय!" संध्याकाळी रंकाळ्यावरून तिनं गावाकडे आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पाण्याकडे वळवून म्हणाली, "हे बघ, मी कुठं बसलेय."

तेव्हा विनंती एवढीच. तुमच्या ओळखीत असं कुणीतरी असेल. खोलीत राहणारं पोर असेल, घरकामाला येणाऱ्या मावशी असतील, नाहीतर तुमच्याच घरातली म्हातारी आई असेल, जिनं वर्षानुवर्षं घाट बघितलेला नाही. त्यांना यादी पाठवू नका. बरोबर जा.